‘कन्सिडरेशन’: एका हक्कसोडपत्रात तीनदा आलेला शब्द

पार्श्वभूमी

कायद्याच्या कागदांचं इंग्रजीतून मराठीत भाषांतर करणं हे माझं रोजचं काम. खरेदीखतं, भाडेकरार, मृत्युपत्रं, कुलमुखत्यारपत्रं. हे प्रकरण 2025 मधलं आहे. घरच्यांच्या परवानगीने लिहितेय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. दस्तातले शब्द मात्र बदललेले नाहीत, कारण प्रकरण शब्दांचंच आहे.

सातारा जिल्ह्यात आजोबांच्या वेळचं दुमजली घर. वडील आधी गेले, मग आई. वारस दोघंच. थोरला भाऊ गावातच राहतो. कौलं शाकारण्यापासून घरपट्टी भरण्यापर्यंत सगळं तोच बघतो. धाकटी बहीण पंचवीस वर्षं न्यू जर्सीत. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे, हे 2005 च्या दुरुस्तीने हिंदू उत्तराधिकार कायद्यात आलं आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात त्यावर शिक्कामोर्तब केलं. दोघांनाही ते ठाऊक होतं. त्यावरून वाद नव्हता. बहिणीने आपणहून सांगितलं, घर दादाच्या नावावर होऊ दे.

तिची मागणी एकच होती. वरच्या मजल्यावरच्या पूर्वेकडच्या खोलीत आईची शेवटची वर्षं गेली होती. ती खोली तिच्यासाठी राहावी. वर्षा-दोन वर्षांनी ती महिनाभर येते, तेव्हा तिथे उतरता यावं. आईचीही तशी इच्छा होती. भाऊ म्हणाला, “अगं, हे काय सांगायला हवं?”

पुण्यातल्या वकिलांनी हक्कसोडपत्राचा मसुदा इंग्रजीत केला, कारण बहिणीचे यजमान अमराठी आणि तिकडे कागद त्यांनाही वाचायचा होता. भावासाठी आणि नोंदणी कार्यालयासाठी समोरासमोर मराठी मजकूर हवा होता, तो माझ्याकडे आला. शेवटच्या कलमात लिहिलं होतं की दोन्ही मजकुरांत तफावत आढळल्यास मराठी मजकूर ग्राह्य धरावा. म्हणजे बहीण वाचणार इंग्रजी, आणि तिला बांधणार मराठी.

अडचण

मसुद्याच्या मुख्य परिच्छेदात ‘कन्सिडरेशन’ हा शब्द तीनदा आला होता. पहिल्यांदा, मातोश्रींची इच्छा ‘टेकिंग इन्टू कन्सिडरेशन’. दुसऱ्यांदा, ‘इन कन्सिडरेशन ऑफ नॅचरल लव्ह अँड अफेक्शन’. तिसऱ्यांदा, भाऊ बहिणीला ती खोली वापरू देईल, ‘इन कन्सिडरेशन’ त्याच्या. तिन्ही जागी मी ‘विचारात घेऊन’ लिहिलं. आईची इच्छा विचारात घेऊन, स्वाभाविक प्रेम व आपुलकी विचारात घेऊन, खोली वापरू देण्याची बाब विचारात घेऊन. वाक्य वाचायला गुळगुळीत झालं होतं. माझ्या भाषांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या जागेचा पर्याय साठवला गेला, पुढच्या दोन जागी त्याने तोच सुचवला आणि मी तो स्वीकारला. चूक एवढीच, पण तिथे सगळा करार फिरला.

व्हिडिओ कॉलवर भावाने मराठी मजकूर मोठ्याने वाचला. वाचून झाल्यावर बहीण थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “दादा, यात खोलीचं कुठे आहे?”

“आहे की. विचारात घेतलंय असं लिहिलंय.”

“विचारात घेतलंय म्हणजे काय? इंग्रजीत तर असं नाहीये.”

तिचं बरोबर होतं. ज्याने कधी सरकारी कचेरीत अर्ज दिलाय त्याला ‘विचारात घेणं’ म्हणजे काय हे माहीत असतं. प्रस्ताव विचाराधीन आहे, म्हणणं विचारात घेण्यात येईल. त्यातून देणाऱ्यावर काहीच बंधन येत नाही. इंग्रजी मजकुराप्रमाणे ती खोलीच्या बदल्यात हक्क सोडत होती. मराठीप्रमाणे हक्क पूर्ण सोडत होती आणि खोलीचा नुसता उल्लेख होता. उद्या पुतण्याने खोलीला कुलूप लावलं असतं, तर ग्राह्य मजकुरात तिच्या हाती काहीच नव्हतं. आणि भाऊ लबाडी करत नव्हता. त्याने जे वाचलं त्याचा मराठीत तोच अर्थ होतो.

शब्दाचा उलगडा

रोजच्या इंग्रजीत हा शब्द चार-पाच वळणं घेतो. एखादी गोष्ट ‘टेक इन्टू कन्सिडरेशन’ केली की ती विचारात घेतली. अर्ज ‘अंडर कन्सिडरेशन’ असला की विचाराधीन. ‘आउट ऑफ कन्सिडरेशन फॉर’ कुणीतरी, म्हणजे त्या माणसाचा मान राखून, त्याची अडचण ओळखून. ‘फायनान्शियल कन्सिडरेशन्स’ म्हणजे पैशाची बाजू. आणि ‘फॉर अ स्मॉल कन्सिडरेशन’ म्हणजे थोडेफार पैसे घेऊन. या शेवटच्या प्रयोगात कायद्यातला अर्थ डोकावतो.

कायद्यात हा शब्द विचाराचं बोट सोडून देतो. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 2(घ) मध्ये व्याख्या आहे. सोप्या मराठीत ती अशी: वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून दुसऱ्याने काही केलं, करायचं टाळलं, किंवा करण्याचं अथवा टाळण्याचं वचन दिलं, तर ते करणं, टाळणं वा वचन म्हणजे त्या वचनाचं कन्सिडरेशन. मनात काय होतं याला इथे जागा नाही. हातातून काय गेलं एवढंच बघायचं. त्याशिवायचा करार कलम 25 प्रमाणे निरर्थक, मात्र त्याला अपवाद आहेत. पहिलाच अपवाद आपल्या प्रकरणाशी जोडलेला: जवळच्या नात्यातल्या माणसांनी स्वाभाविक प्रेमापोटी लेखी करार केला आणि तो नोंदवला, तर कन्सिडरेशन नसलं तरी चालतं. हक्कसोडपत्र म्हणजे नुसतं वचन नव्हे, पण ‘नॅचरल लव्ह अँड अफेक्शन’ हे शब्द मसुद्यांत याच वळणाने येतात. इथली गंमत नीट बघण्यासारखी आहे: कायदा म्हणतो प्रेम असेल तर कन्सिडरेशन लागत नाही, आणि मसुदा म्हणतो प्रेम हेच कन्सिडरेशन. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात प्रेमाला ‘गुड’ आणि पैसा-वस्तूला ‘व्हॅल्युएबल’ कन्सिडरेशन म्हणत; ती सवय मसुद्यांत अजून टिकून आहे.

वकिलांशी बोलताना त्यांनी मला एक जुना निकाल वाचायला सांगितला आणि तो वाचल्यावर माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इंग्लंडमधलं थॉमस विरुद्ध थॉमस, 1842. नवऱ्याने मरण्यापूर्वी तोंडी सांगितलं होतं की बायकोला हयातभर घर मिळावं. मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांनी तिच्याशी लेखी करार केला. त्यात मृताच्या ‘या इच्छेच्या कन्सिडरेशनमध्ये’ घर देत आहोत असं लिहिलं, आणि तिने वर्षाला एक पौंड द्यावा, घराची डागडुजी ठेवावी असंही लिहिलं. पुढे एक व्यवस्थापक वारला आणि उरलेल्याने घर द्यायला नकार दिला. न्यायालयाने सांगितलं की नवऱ्याची इच्छा हा हेतू झाला आणि हेतू म्हणजे कन्सिडरेशन नव्हे. पण एक पौंड आणि डागडुजी, हे मात्र कन्सिडरेशन आहे. बाई जिंकली, ती त्या एका पौंडावर.

आमचंच प्रकरण होतं ते. आईची इच्छा, राहायची जागा, नात्यातली माणसं. आणि तिथेही एकाच शब्दाखाली हेतू आणि मोबदला शेजारी बसवलेले. इंग्रजीत त्यांना वेगळं काढायला न्यायाधीश लागले. मराठीत ते काम भाषांतर करताना करता आलं असतं, कारण मराठीत या दोन गोष्टींना मुळातच वेगळे शब्द आहेत.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय ‘प्रतिफल’. कायद्याच्या मराठीत कन्सिडरेशनला हा शब्द आहे, अचूक आहे, कुणी बोट ठेवू शकत नाही. पण भावाला तो वाचून दाखवला तर तो म्हणाला, “म्हणजे पुण्याचं फळ वगैरे?” सही करणाऱ्याला कळत नसेल तर सहीच्या खाली लिहिलेलं ‘वाचून, समजून’ खोटं ठरतं. मला तो नको होता.

दुसरा ‘मोबदला’. रोजचा शब्द, शेतकऱ्यापासून सदनिका घेणाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी असलेला. नोंदणी कार्यालयातून मिळणाऱ्या सूची क्रमांक 2 च्या कागदावर वरून दुसराच रकाना ‘मोबदला’ असा छापलेला असतो, त्याच्याखाली ‘बाजारभाव’. मी दुसऱ्या आणि तिसऱ्या जागी तो घालून मजकूर पाठवला: ‘स्वाभाविक प्रेम व आपुलकीच्या मोबदल्यात, तसेच खोली वापरू देण्याच्या मोबदल्यात’. रात्री बहिणीचा फोन आला. तिकडे सकाळ होती.

“ताई, हे वाचून मला कसंतरी झालं. प्रेमाचा मोबदला? मी दादाला काय विकतेय का?”

मी समजावून सांगितलं की हा कायद्याचा शब्द आहे. तिने ऐकून घेतलं, पण तिचं म्हणणं मला आजही पटतं. मराठीत ‘मोबदला’ ऐकला की पैसा मोजल्याचा आवाज येतो. प्रेमाशेजारी तो ठेवला की प्रेमाचाच अपमान होतो, आणि तो दस्त तिची मुलं उद्या वाचणार.

वकिलांची हरकत वेगळी होती. वडिलोपार्जित मिळकतीतलं भावंडांमधलं हक्कसोडपत्र असेल तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र असतं; पूर्वी 200 रुपये होतं, ऑक्टोबर 2024 पासून 500. पण दस्तात ‘मोबदल्यात’ असं दोनदा दिसलं की दुय्यम निबंधकांकडे, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, प्रश्न निघणार की हे हक्कसोडपत्र आहे की हक्कसोडपत्राच्या नावाखाली खरेदीखत. तो प्रश्न ओढवून घ्यायला ते तयार नव्हते.

तिसरा पर्याय मला माझ्या आजीच्या बोलण्यातून सापडला असं म्हटलं तरी चालेल: ‘-पोटी’. प्रेमापोटी, मायेपोटी, रागापोटी. हेतू सांगायला मराठीत याहून नेटका प्रत्यय नाही. पण तोच प्रत्यय हिशेबातही चालतो: भाड्यापोटी पाच हजार, कर्जापोटी हप्ता, इसारापोटी रक्कम. म्हणजे इंग्रजी शब्दात जो दुहेरीपणा आहे तो आपल्याकडे ‘पोटी’मध्ये आहे! हे लक्षात आल्यावर आनंद झाला आणि लगेच सावधही झाले. प्रेमाला ‘पोटी’ अगदी शोभतो. पण ‘खोली वापरू देण्यापोटी’ लिहिलं असतं तर हेतू की मोबदला हा घोळ मराठीतही जन्माला आला असता.

चौथा पर्याय वकिलांचा होता आणि तो भाषांतराचा नव्हताच. त्यांनी विचारलं, “त्या खोलीवरचा वापराचा हक्क तिने आधी सोडायचा आणि मग त्याच्या बदल्यात परत मागायचा, असं कशाला? तिने तेवढा सोडूच नये.”

वाटणीपत्र करून खोली बहिणीच्या नावे काढायचीही चर्चा झाली, पण एका जुन्या घराचे कागदोपत्री तुकडे करायला दोघांचीही तयारी नव्हती. तो विषय तिथेच संपला.

काय केलं

इंग्रजी मसुदाच बदलला. एका वाक्यातलं तीन वेळचं कन्सिडरेशन तीन वाक्यांत वेगळं केलं, आणि या वेळी मराठी आधी लिहिलं, इंग्रजी नंतर.

पहिलं वाक्य: ‘आमच्या मातोश्रींची अशी इच्छा होती की...’ एवढंच. विचारात घेऊन, मान देऊन असलं काहीही जोडलं नाही. इच्छा होती ही वस्तुस्थिती, ती सांगितली की पुरे.

दुसरं: ‘लिहून देणार ही लिहून घेणार यांची सख्खी बहीण असून, भावाबद्दलच्या स्वाभाविक प्रेमापोटी व आपुलकीपोटी, विनामोबदला हे हक्कसोडपत्र लिहून देत आहे.’ ‘विनामोबदला’ हा दस्तलेखकांच्या वापरातला जुना शब्द. तो आला की प्रेम आणि मोबदला यांची गाठ कायमची सुटते.

तिसरं: ‘वरच्या मजल्यावरील पूर्वेकडील खोलीच्या वापराचा तहहयात हक्क लिहून देणार हिने स्वतःकडे राखून ठेवला आहे, तेवढा सोडून उर्वरित सर्व हक्क ती सोडत आहे.’ ‘राखून ठेवला’ या दोन शब्दांपाशी बहिणीचा प्रश्न मिटला. जे दिलंच नाही त्याचा मोबदला मागायचा प्रश्न येत नाही.

एक गोष्ट आणखी काढून टाकली. पहिल्या मसुद्याच्या प्रास्ताविकात ‘पक्षकारांमध्ये झालेल्या मतभेदांनंतर’ असे शब्द होते. वकिलांनी कलकत्त्याचा राजलखी दाबी विरुद्ध भूतनाथ मुखर्जी हा 1900 चा निकाल आठवून ते खोडायला सांगितलं. त्यात नवरा-बायकोचा लेखी, नोंदवलेला करार होता, पण करारातच भांडणांचा उल्लेख होता आणि न्यायालयाला त्यात स्वाभाविक प्रेम कुठेच दिसलं नाही. आमच्याकडे भांडण नव्हतंच. होता तो आठवडाभराचा अबोला, आणि तो माझ्या मजकुराने घडवला होता.

मग पुन्हा व्हिडिओ कॉल. या वेळी वाचणाऱ्यांची अदलाबदल केली. इंग्रजी भावाच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने वाचलं, मराठी बहिणीने. प्रत्येक वाक्यानंतर ऐकणाऱ्याने आपल्या शब्दांत अर्थ सांगायचा. तिसऱ्या वाक्याला भाऊ म्हणाला, “म्हणजे ती जिवंत असेपर्यंत ती खोली मला किंवा माझ्या मुलांना अडवता येणार नाही.” बहीण म्हणाली, “आणि माझ्यानंतर माझ्या मुलांना मागता येणार नाही.” हे दुसरं कुणी आधी बोललंच नव्हतं. ‘तहहयात’ या एका शब्दाने ते स्पष्ट झालं. तिने थोडा वेळ घेतला आणि चालेल म्हणाली.

परिणाम

किंमत मोजावी लागली ती वेळेची. बहिणीने चुलतभावाच्या नावे केलेलं कुलमुखत्यारपत्र पहिल्या मसुद्याला जोडून होतं. हक्क राखून ठेवायचे म्हणजे मुखत्याराला काय सही करायचा अधिकार आहे हे बदललं, म्हणून ते नव्याने करावं लागलं. परदेशातल्या माणसाचं असं मुखत्यारपत्र नोटरी किंवा भारतीय वकिलातीच्या अधिकाऱ्यासमोर झालेलं असावं लागतं, आणि राज्यात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. तिला पुन्हा रजा काढून जावं लागलं. या दुसऱ्या फेरीचा खर्च मी माझ्या बिलातून वजा केला.

नोंदणी झाली. प्रश्न कुणी काढला नाही. सूची क्रमांक 2 हातात आल्यावर भावाने तिचा फोटो बहिणीला पाठवला आणि तिने तो मला. मोबदल्याच्या रकान्यात शून्य होतं.

भावाला मात्र ‘राखून ठेवला’ हे शब्द थोडे लागले. त्याने मला तसं बोलूनही दाखवलं: “मॅडम, मी तिला नाही म्हणालो असतो का?” नसताच म्हणाला. पण दस्त त्याच्या हयातीनंतरही वाचला जाणार आहे, हे त्याला वकिलांनी सांगितलं तेव्हा तो गप्प राहिला. ते पूर्ण पटलं होतं असं मी म्हणणार नाही.

पुन्हा करायचं झालं तर

निर्णयाची खरी वेळ माझ्याकडे पहिल्याच दिवशी आली होती आणि ती मी ओळखली नाही. एकाच वाक्यात एकच इंग्रजी शब्द तीनदा दिसल्यावर मी मराठीत एकसारखेपणा शोधला. उलट करायला हवं होतं: प्रत्येक जागी ‘इथे कुणाच्या हातातून काय जातंय?’ असं विचारायचं. आईच्या इच्छेच्या जागी काहीच जात नाही, म्हणून तो विचार. प्रेमाच्या जागी बहिणीकडून जातं आणि परत काही येत नाही, म्हणून ‘पोटी’. खोलीच्या जागी देवाणघेवाण आहे, म्हणून मोबदला, किंवा मग राखून ठेवणं. हा प्रश्न आता मी ‘फॉर’, ‘अगेन्स्ट’, ‘इन लू ऑफ’ (च्या ऐवजी) या सगळ्यांना लावते. सॉफ्टवेअरच्या शब्दसाठ्यातून ‘कन्सिडरेशन’ची एकच नोंद होती ती काढून टाकली आहे, तो शब्द आला की आता काहीच सुचवलं जात नाही, हाताने लिहावं लागतं.

दुसरं, ‘मराठी मजकूर ग्राह्य’ हे कलम मी शेवटी वाचलं. ते आधी वाचायला हवं होतं. कोणता मजकूर बांधणार आहे हे कळल्यावर हात वेगळा चालतो. आणि मोबदल्याचा मजकूर बहिणीला थेट ईमेलने पाठवायला नको होता. फोनवर आधी दोन वाक्यं बोलले असते तर तिची ती रात्र चांगली गेली असती.

एक गोष्ट राहिलीच. दस्तात खोलीचा वापर आहे, पण त्या खोलीकडे जाणारा जिना स्वयंपाकघरातून चढतो आणि न्हाणीघर खाली परसदारी आहे. जिन्याचा आणि न्हाणीघराचा उल्लेख आम्ही कुणीच केला नाही, ना मराठीत ना इंग्रजीत. मे महिन्यात बहीण आली तेव्हा तिच्या हे लक्षात आलं. वकिलांनी चूकदुरुस्तीपत्राचा मसुदा केला आहे. या वेळी तो थेट मराठीत आहे आणि त्यात ‘जाण्यायेण्याच्या वहिवाटीसह’ असे शब्द आहेत. तिच्या पुढच्या फेरीत त्यावर सह्या व्हायच्या आहेत.